झाकण, नळी आणि स्पीडब्रेकर

कर्वे पुतळ्यापाशी रिक्षा मिळाली, मी आणि भाची मागे बसलो, डेक्कनला जायचं होतं. मे महिना, दुपारची वेळ, रिक्षाच्या रेक्झिनला हात लावला तरी चटका. तिच्या मांडीवर तिचा तो लाडका टंबलर, झाकण फिरवून घट्ट लावायचं, झाकणाला मधोमध रबरी कड्याचं भोक आणि त्यातून वर आलेला स्टीलचा स्ट्रॉ. आत कोकम सरबत. ती मजेत ओढत होती, तळाशी उरलेल्या बर्फात हवा शिरली की येतो तो खुर्रर्र आवाज मुद्दाम काढत, आणि मी फोनमध्ये काहीतरी बघत होते. तेवढ्यात रिक्षावाल्याला स्पीडब्रेकर दिसला नाही, किंवा दिसला आणि त्याने मनावर घेतलं नाही. रिक्षा उडाली आणि माझ्या शेजारून आवाज आला.

टक्.

दातावर स्टील आपटल्याचा आवाज. मी बघितलं तर तिने ओठ दाबून धरलेला, डोळ्यात थोडं पाणी, पण रडली नाही. जिभेने दात चाचपून बघितला, "काही नाही गं मावशी" म्हणाली आणि परत तोच स्ट्रॉ तोंडात. हिरडीवर एक लाल रेघ उठली होती, बस. रिक्षावाल्याने आरशातून "लागलं का बाळा" विचारलं, तिने मान हलवली, विषय संपला. नऊ वर्षांच्या पोरीला ढोपर-कोपर फुटणं रोजचंच असतं. पण मला तो आवाज सोडेना. रात्री ओट्यावर चमचे पुसून ठेवताना एकावर एक पडले की तेच टक्. आणि मग डोकं जायचं तिथेच जायचं, की तोंड उघडं असतं तर घशात, मान खाली असती तर... दात आणि डोळा यांच्यात अंतर ते किती असतं हो.

आता हे स्टीलचे स्ट्रॉ आमच्या घरात आले कसे, तर संक्रांतीच्या वाणातून. तुम्हालाही मिळाले असतील. एकेकाळी वाणात साबणाची डबी, चहाची गाळणी, प्लास्टिकचा छोटा डबा असं काय काय मिळायचं आणि सगळं माळ्यावर जायचं. मग २०१८ च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्यांदा सापडलात तर ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि वर ३ महिने आत. त्या दिवसांत आमच्या सोसायटीत कुणी दूधवाल्याची पिशवीसुद्धा चोरासारखी घरात न्यायचं. आणि त्यानंतरच्या संक्रांतींना वाण एकदम पर्यावरणपूरक झालं. कापडी पिशवी, बांबूचा ब्रश, तुळशीच्या बिया आणि ज्यूटच्या छोट्या पिशवीत स्टीलच्या स्ट्रॉचा सेट, दोन सरळ, दोन वाकडे, एक बारीक ब्रश. हळदीकुंकू लावून, हातावर तिळगूळ ठेवून, वर हे. मला मनापासून आवडला होता तो प्रकार. पिशवीला ज्यूटचा तो तेलकट-कोरडा वास, स्ट्रॉ गार, जड, ओठाला लावला की एकदम श्रीमंत वाटायचं. बहिणीकडे तिच्या ऑफिसातून एक सेट आला, कुणाच्या तरी बारशाच्या रिटर्न गिफ्टमध्ये अजून एक, आणि मग हे झाकणवाले टंबलर आले, ज्यांच्यात तो स्ट्रॉ आधीच बसवलेला.

कासवाचा व्हिडिओ तर सगळ्यांनीच बघितलाय. २०१५ चा, कोस्टा रिकाजवळच्या समुद्रातला, संशोधक बोटीवर कासवाच्या नाकातून काहीतरी ओढून काढतायत, आधी त्यांना वाटतं किडा असेल, मग कळतं की प्लास्टिकचा स्ट्रॉ आहे, आणि ते कासव फुसफुसतंय, नाकातून रक्त येतंय. मी तो पूर्ण एकदाच बघू शकले. ते कासव ऑलिव्ह रिडले होतं. म्हणजे आपलं वेळासवालं. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जी पिल्लं बघायला आपण पहाटे उठून, दोरीच्या मागे रांगेत उभे राहतो ना, तीच जात. तिथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने आणि गावकऱ्यांनी घरटी सांभाळलीत, आधी जी अंडी चोरीला जायची ती आता जाळीच्या कुंपणात. आम्ही गेलो होतो तेव्हा टोपली उचलली आणि खाली तळहातात मावतील अशी काळीकरडी पिल्लं वळवळत होती, सगळ्या गर्दीचा आवाज एकदम बंद. एक पिल्लू उलट्या दिशेने निघालं तर दोरीमागून अख्खी पब्लिक कुजबुजत त्याला रस्ता सांगतेय. त्याच दुपारी होमस्टेच्या अंगणात काकूंनी सरबत दिलं, काचेच्या ग्लासात, बिनस्ट्रॉचं, कुणाला काही कमी वाटलं नाही. पण पुण्याला परत येताना वाटेत थांबलो, कोल्ड कॉफी मागवली, ती झाकण आणि स्ट्रॉसकट आली आणि माझा हात थबकला. त्यामुळे स्टीलचा स्ट्रॉ म्हणजे नुसती फॅशन होती असं मी म्हणणार नाही. पोटात काहीतरी हललेलं होतं.

तर त्या रिक्षानंतर मी शोधायला लागले की असं बाकी कुणाला होतं का. होतं. २०१६ मध्ये स्टारबक्सने अमेरिकेत टंबलरबरोबर विकलेले पंचवीसेक लाख स्टीलचे स्ट्रॉ परत मागवले होते, कारण लहान मुलांच्या तोंडात जखमा झाल्याच्या तक्रारी आल्या होत्या. म्हणजे आपल्याकडे वाणात वाटायला सुरुवात व्हायच्या आधीच हे कागदोपत्री माहीत होतं. आणि दुसरी गोष्ट वाचून मी फोन पालथा ठेवला. इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यात २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये साठ वर्षांची एक बाई घरातल्या घरात हातात सरबताचा मग घेऊन चालताना पडली. मगाला फिरकीचं झाकण, झाकणात साधारण १० इंची धातूचा स्ट्रॉ. तो डोळ्यातून आत गेला. दुसऱ्या दिवशी ती गेली. पुढच्या वर्षी तिथल्या कॉरोनरपुढे, म्हणजे अशा अचानक झालेल्या मृत्यूंची कारणं तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, चौकशी झाली, आणि त्याने जे म्हटलं त्याचा रोख स्ट्रॉवर जेवढा होता तेवढाच झाकणावर होता, की धातूचा स्ट्रॉ जागेवर जखडून ठेवणाऱ्या झाकणाबरोबर तो वापरूच नये, आणि एरवीही फार जपून वापरावा.

हे झाकणाचं माझ्या लक्षातच आलं नसतं. पण विचार करा ना. कागदाचा स्ट्रॉ वाकतो, प्लास्टिकचा दुमडतो, सिलिकॉनचा तर लोळतोच. उघड्या ग्लासातला स्टीलचासुद्धा धक्का बसला की ग्लासच्या काठावर घरंगळतो, निसटतो, त्याला पळायला जागा असते. झाकणात कड्याने पकडलेला जाणार कुठे? खाली टंबलरचा तळ, मधे झाकण, वर आपलं तोंड. मी तर एक कच्चा बटाटा घेतला आणि वाणातला सरळ स्ट्रॉ त्यावर उभा धरून वरून तळहाताने दाबला. फार जोर नाही लावला, चपाती लाटताना लावतो तेवढा. सर्रकन आत. दुसऱ्या बाजूने बाहेर आला तेव्हा भोक इतकं सुबक होतं, कडा अजिबात फाटलेली नाही, आणि स्ट्रॉच्या आत बटाट्याची लांब ओली कांडी अडकलेली, ती ब्रशने ढकलून काढावी लागली. माझ्या तळहातावर गोल वळ. नवरा मागे उभा राहून बघत होता, म्हणाला, "आता याची भाजी करणार का?" केली, काचऱ्या केल्या. पण बहिणीला फोटो पाठवला आधी.

तिचा रिप्लाय आला, "ताई तू पण ना."

मग थोड्या वेळाने, "झाकण काढून ठेवते."

आता उलट बाजू पण सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल हिला स्टीलचं वावडं आहे. स्टील म्हणून स्टील फार गुणी वस्तू आहे. २०२३ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी बाजारातले ३९ ब्रँडचे स्ट्रॉ तपासले, कागद, बांबू, काच, प्लास्टिक, स्टील सगळे, पीएफएएस नावाची ती वर्षानुवर्षं न नासणारी रसायनं शोधायला. कागदाच्या २० पैकी १८ मध्ये ती सापडली. बांबूच्या ५ पैकी ४ मध्ये. स्टीलच्या एकातही नाही. प्रमाणं कमी होती आणि माणूस काही दिवसभर स्ट्रॉ चोखत बसत नाही त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही असं त्यांनीच म्हटलंय, पण गंमत बघा, जो कागदी स्ट्रॉ आपण पापभीरूपणे तोंडात धरतो, मलईपर्यंत पोचायच्या आतच ज्याचा लगदा होतो, तो रसायनाच्या हिशेबात स्टीलच्या मागे. म्हणजे पोटाच्या बाजूने बघितलं तर स्टील उत्तम, तोंडाच्या बाजूने बघितलं तर ती एक कडक नळी. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकाच वेळी खरं आहे, हे मला जरा पचायला जड गेलं.

त्यातही स्टील स्टीलमध्ये फरक. चांगल्या भांड्यांचं ते ३०४ नंबरचं, ज्यावर १८/८ लिहितात, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. स्वस्तातलं २००च्या मालिकेतलं, त्यात निकेल वाचवायला मँगनीज जास्त घालतात, ते लवकर डागाळतं, गंजायलाही लवकर लागतं. तुळशीबागेत भांडी घेताना चुंबक लावून बघणारे काका-काकू तुम्ही बघितले असतील, माझी आईपण तीच. पण ही दोन्ही स्टीलं सहसा चुंबकाला चिकटत नाहीत, त्यामुळे त्या परीक्षेतून ही दोन वेगळी काढता येत नाहीत. त्यापेक्षा मला स्ट्रॉच्या कडेची परीक्षा जास्त कामाची वाटते. कापसाचा बोळा घ्यायचा आणि दोन्ही तोंडांवरून गोल फिरवायचा. नळी कापल्यावर कड नीट घासलेली नसेल तर कापसाचे तंतू अडकतात. आमच्या वाणातल्या चारपैकी एकाला चांगला पुंजका अडकला. बोटाला काही जाणवत नव्हतं, ओठाला कधी ना कधी जाणवलं असतं. तो भंगारात.

आणि धुणं! मला वाटतं हे स्ट्रॉ विकणाऱ्यांनी आयुष्यात कधी मस्तानी प्यायल्यावर स्ट्रॉ धुतलेला नाहीये. आंब्याचा रस, आइस्क्रीम, वर ड्रायफ्रूटचा चुरा, ते सगळं त्या नळीतून वर येतं आणि थोडं थोडं वाटेतच राहतं. ब्रश एकीकडून घालायचा, दुसरीकडून काढायचा, नळाखाली धरायचा, मग ट्यूबलाइटकडे करून एका डोळ्याने आत बघायचं. सरळ स्ट्रॉमध्ये निदान दिसतं तरी, वाकड्याच्या वळणात काय दडलंय ते देवालाच ठाऊक. एकदा ताक पिऊन विसरलेला वाकडा स्ट्रॉ ड्रॉवरमध्ये सापडला, नाकाशी नेला आणि जो आंबूस, कोंदट भपका आला... गरम पाण्यात खायचा सोडा टाकून रात्रभर बुडवला, ब्रश मारला, तरी माझं मन काही धजेना. भांडीवाल्या मावशींनी तर पहिल्याच दिवशी निकाल लावला होता. तो पिशवीतला बारीक ब्रश हातात धरून म्हणाल्या, "ताई, हे बंदुका साफ करायचं काम तुमचं तुम्ही करा, मी बाकीची घासते."

खरं तर आपल्याला स्ट्रॉ लागतो कुठे? रसवंतीत चरकाला बांधलेले घुंगरू वाजतायत, फेस आलेला ग्लास समोर येतो आणि आपण त्याला तोंड लावतो, वरच्या ओठावर फेसाची मिशी. आजोबा तर तांब्यातलं पाणी वरून प्यायचे, तोंड न लावता, कंठमणी वर-खाली होताना आम्ही पोरं बघत बसायचो. गावाकडे पपईच्या पानाचा पोकळ देठ कापून आम्ही त्याने विहिरीवरच्या बादलीतलं पाणी ओढायचो, त्याला तो हिरवट चिकाचा वास, आणि ओरडा खायचो, पण तो खेळ होता, सोय नव्हती. स्ट्रॉ आला तो बाटलीतल्या कोल्ड्रिंकबरोबर आणि शहाळ्याबरोबर. शहाळ्याला मात्र तो खरंच लागतो, नाहीतर निम्मं पाणी हनुवटीवरून शर्टात. २०२२ च्या १ जुलैपासून देशभरच प्लास्टिकचे स्ट्रॉ बंद झाले तेव्हापासून आमच्या कोपऱ्यावरचा शहाळेवाला कागदाचे ठेवतो, आणि कुणी पर्समधून स्टीलचा काढला की त्याला फार आनंद होतो, त्याचा एक वाचला. मीही काढते. झाडाखाली एका जागी उभं राहून, एका हाताने शहाळं, एका हाताने स्ट्रॉ धरून प्यायला त्याच्यासारखा स्ट्रॉ नाही, लगदा होत नाही, तळापर्यंत पोचतो. घाई केली, स्कूटरवर मागे बसून प्यायलं, की तोच जिन्नस वेगळा.

बहिणीने मुलीच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झाकणाचं लिहिलं होतं. दोन अंगठे आले. एका आईने लिहिलं, "आमचा खूप सांभाळून पितो." एका बाबांनी विचारलं की मग कुठली बाटली घ्यायची, लिंक द्या. भाचीला आता रुंद तोंडाची साधी स्टीलची बाटली मिळालीये आणि ती माझ्यावर नाराज आहे, कारण बसमध्ये सगळ्यांकडे स्ट्रॉवालाच आहे. तिची नाराजी मला मान्य आहे. नऊ वर्षांच्या मुलीला कॉरोनर समजावून सांगायचा नाही असं आम्ही ठरवलंय.

पण या सगळ्यात ज्या माणसाला खरोखर, रोज, दिवसातून चार वेळा स्ट्रॉ लागतो ते माणूस आमच्याच घरात होतं आणि आम्ही शोधत होतो मोठ्यांच्या मस्तानीसाठी. सासूबाईंना कंपवात आहे. कप ओठापर्यंत जाईस्तोवर निम्मा बशीत, उरलेला पदरावर. प्लास्टिकचे वाकणारे स्ट्रॉ होते तोपर्यंत ठीक चाललं होतं. त्या वाकणाऱ्या स्ट्रॉची जन्मकथा मला फार आवडते. अमेरिकेत जोसेफ फ्रीडमन नावाच्या माणसाने सोड्याच्या दुकानात आपल्या छोट्या मुलीला उंच काउंटरवरच्या सरळ स्ट्रॉशी झटापट करताना बघितलं, मग कागदी स्ट्रॉमध्ये स्क्रू घालून बाहेरून दोरा करकचून गुंडाळला, आट्यांच्या चुण्या पडल्या आणि नळी मान वाकवायला लागली. १९३७ चं पेटंट. मुलीसाठी काढलेला तो स्ट्रॉ पुढे विकायला लागल्यावर पहिलं गिऱ्हाईक कोण, तर हॉस्पिटल. आडवं पडलेल्या माणसाला पाणी पाजायला. आपण ज्याला चैन समजून बंद केलं ते काही जणांची गरज होती. बंदीला माझा विरोध नाही, वेळासची पिल्लं बघून आलेल्या बाईचा असूच शकत नाही, पण बंदी घालताना या माणसांची आठवण कुणी काढली असं मला तरी दिसलं नाही.

मग आम्ही घरात होते म्हणून सासूबाईंना स्टीलचे दिले. आणि स्टीलचा सगळ्यात वाईट स्ट्रॉ कुणासाठी असेल तर हात थरथरणाऱ्या माणसासाठी. ओठ बंद करायच्या आत तो कवळीवर टकटकटक वाजतो. शिवाय चहा. स्टीलला उष्णता धरायला वेळ लागत नाही, आणि नळीतून चहा सरळ जिभेच्या मागे जाऊन पडतो, कपातून पिताना ओठाला जी आधी खबर लागते ती लागतच नाही. पहिल्याच घोटाला त्यांचे डोळे मोठे झाले. त्या बोलल्या काही नाहीत, कप बाजूला सारला. फिजिओथेरपीच्या ताई घरी येतात, त्यांनी तर स्टीलचा बघितल्याबरोबर उचलून ओट्यावर नेऊन ठेवला, म्हणाल्या, सिलिकॉनचा आणा, पाठ सरळ करून बसवा, हनुवटी वर नको, एका वेळी छोटा घोट, ठसका लागायला लागला तर स्ट्रॉ बंद करून मला सांगा, कारण काही जणांना नळीतून येणारी धार आवरत नाही आणि ती श्वासाच्या वाटेने जाते.

मेडिकलवाल्याकडे सिलिकॉनचे मिळाले, गुलबट रंगाचे, उकळून घेतले. लांबी जास्त असली की ओढायला दम जास्त लागतो आणि सासूबाईंना तो पुरत नाही, म्हणून कात्रीने कापून कपाच्या उंचीचे केले, हेही त्या ताईंनीच सांगितलं. मऊ आहे, दाताखाली आला तर चावला जातो, नाकाला लागला तर वाकतो. एकच तक्रार राहिली. चहा कोमट करून द्यावा लागतो आणि सासूबाई जन्मात कोमट चहा प्यायलेल्या नाहीत. "हा चहा आहे की काढा?" रोज सकाळी विचारतात. म्हणून आता मी अर्धाच कप ओतते, थोडा गरम, फुंकर घालून, आणि उरलेला थर्मासमध्ये. तो संपला की त्या कप पुढे सरकवतात, बशीवर त्याचा खडखडाट होतो, मी परत ओतते. आलं जास्त टाकलं तर चालतं, साखर कमी केलेली मात्र लगेच कळते.